लिबलिब्याच्या पोटातलं गाव

शालूबाईंच्या घरात साखरेशिवाय दुसऱ्या कशाला साच्यात शिरायची मुभा नव्हती. जवळा बाजार या गावात त्यांच्या सासऱ्यापासून गाठ्यांचा धंदा चालत आलेला. होळीला लेकरांच्या गळ्यात आणि पाडव्याला गुढीच्या टोकावर ज्या साखरेच्या माळा दिसतात, त्या आसपासच्या गावांत बहुतेक यांच्याच भट्टीवरून जायच्या. महाशिवरात्र सरली की या घरात पाक, साचे आणि दोरा सोडून कोणी चौथा विषय काढला तर शालूबाई त्याच्याकडे अशा बघत, की तो माणूस आपणहून लाकडं फोडायला उठायचा. आणि अशा ऐन हंगामात नव्या सुनेनं मागच्या पडवीत, कढईशेजारच्या फळीवर, एक निळा रबरी साचा आणून ठेवला आणि म्हणाली, यात राक्षस ओतायचाय.

"राक्षस?" शालूबाईंच्या हातातला झारा हवेतच राहिला.

"छोटाच आहे, आत्याबाई. मुठीएवढा," साधना म्हणाली.

"मुठीएवढा आसंल न्हाईतर माठाएवढा. राक्षस तो राक्षसच. काहून पायजे?"

"खेळायला."

साधना हिंगोलीची. दिवाळीनंतर लग्न होऊन या घरात आली. शिकलेली, कामाला चलाख, बोलायला बेताची. आता हिच्या डोक्यात हे काय शिरलं, म्हणून शालूबाईंनी भट्टीतली दोन लाकडं मागं ओढली आणि पदर खोचून उलटतपासणीला बसल्या. तेव्हा कळलं ते असं. टेबलाभोवती बसून खेळायचा एक खेळ असतो. एकजण गोष्ट सांगतो, बाकीचे त्या गोष्टीतली माणसं होतात. कोणी तलवारवाला, कोणी मांत्रिक, कोणी वैद्य. मी अमुक करतो, मी तमुक करते, असं म्हणत ते गोष्ट पुढं नेतात, आणि जिथं जमेल की नाही अशी शंका असते तिथं वीस तोंडांचा फासा टाकतात. गोष्टीतल्या माणसांच्या आणि राक्षसांच्या छोट्या मूर्ती टेबलावर मांडलेल्या असतात. साधना हिंगोलीच्या कॉलेजात असल्यापासून अशी गोष्ट सांगायची. ऐकणारे तिघं. सेनगावला शाळेवर शिकवणारा रत्नपाल, त्याची चुलतबहीण ऐश्वर्या, जी हिंगोलीत नर्स होती, आणि कनेरगाव नाक्यावर धाबा चालवणारा दिपक. दोन वर्षं एकच गोष्ट चालली होती. मध्ये साधनाचं लग्न झालं आणि गोष्ट अडकली. आता शेवटचा डाव तेवढा राहिला होता, आणि त्यासाठी तिघंही येत्या रविवारी इथं येणार होते.

"म्हंजी मोठ्या मानसांची भातुकली," शालूबाईंचे मालक माणिकराव कढईपलीकडून म्हणाले आणि स्वतःच्याच बोलण्यावर खुश होऊन हसले. त्यांचा लेक हरीश बायकोच्या बाजूनं काहीतरी बोलायला तोंड उघडत होता, तेवढ्यात आईनं त्याला साखरेचं पोतं आणायला पिटाळलं.

नाही म्हणायचं असं शालूबाईंनी मनात जवळजवळ ठरवलं होतं. पण साधनानं आधी नमुना म्हणून दुसऱ्या लहान साच्यात लिंबाएवढा एक राक्षस ओतून बघितला, आणि तिथं सगळं फिसकटलं.

दोन बाटल्या होत्या. एकीत रेझिन, म्हणजे पातळ राळ, दुसरीत ते घट्ट करणारं औषध. दोन्ही बरोबरीनं घेऊन ती इतकी सावकाश ढवळत होती की चमचा हलतोय की नाही ते कळू नये. बुडबुडा शिरला की कायमचा आत राहतो, म्हणाली. मग काडीच्या टोकावर काचेवर रंगवायचा हिरवा रंग घेतला आणि टोक नुसतं बुडवून काढलं. पोरीचा हात चांगला आहे, असं शालूबाईंच्या मनात आलं. पण तोंडावर कौतुक करायची त्यांच्या घराण्यात पद्धत नव्हती, म्हणून त्यांनी नाक मुरडलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी साधनानं साचा उलटा करून तो गोळा सासूच्या तळहातावर ठेवला. नाव त्याचं लिबलिब्या. हात नाहीत, पाय नाहीत, डोळे नाहीत. चिखल ओघळावा तसं ओघळतं अंग, त्यावर फुगे, खाली पसरलेला घेर. शालूबाई त्याला नावं ठेवणार एवढ्यात पत्र्याच्या झरोक्यातलं ऊन त्याच्यावर पडलं. ऊन वर थांबलं नाही. आत गेलं, आतल्या आत फिरलं आणि खालून हिरवं होऊन बाहेर पडलं. शालूबाईंच्या तळहातावरच्या रेषा हिरव्या झाल्या. मनगटावरची काचेची बांगडी हिरवी झाली. त्यांनी हात हलवला तर तो उजेडही हलला.

कढईकडे पाठ करून त्या हात फिरवत तो उजेड बघत राहिल्या. हे त्यांच्या बाबतीत इतकं नवलाचं होतं, की माणिकराव उठून बघायला आले.

"पाक असाच राहतो कढईत," शेवटी त्या हळूच म्हणाल्या. "असाच. तळ दिसंस्तोवर निर्मळ. म्या लगीन होऊन आले तवापासून बघून राहिले. आन साच्यात गेला की पांढरा फटक. दरसाली वाटतं, हा असाच थांबावा. कवा थांबला न्हाई." मग त्यांनी तो गोळा पुन्हा उन्हात धरला. "ह्यो थांबला."

त्यांना खरोखर भरून आलं होतं. एवढ्या वर्षांत जे हातातून निसटत आलं, ते या पोरीनं सहज थांबवून दाखवलं, आणि तेही राक्षसाच्या रूपात. झारा पुन्हा हातात घेताना त्या एवढंच म्हणाल्या, की फळीवर जागा कमी पडत असेल तर दोऱ्याचे गुंडे खाली ठेव.

मग काय, दुपारी साच्यांत दोरा लावायला बसलं की गोष्ट सुरू व्हायची. शालूबाई विचारायच्या आणि साधना सांगायची. सातविहिरी नावाचं एक गाव होतं. ती तिघं वाटसरू पहिल्याच दिवशी त्या गावात पोचली, वेशीबाहेरच्या विहिरीवर पाणी प्यायली, आणि आत गेली तर गाव रिकामं. चुली पेटलेल्या, तव्यावर भाकरी, पण माणूस एक नाही. तेव्हापासून दोन वर्षं ती तिघं गावाची माणसं शोधत फिरत होती. डोंगर झाले, जंगल झालं, दोन लढाया झाल्या. आता शेवटी एका गुहेत त्यांची लिबलिब्याशी गाठ पडायची होती.

"आन ती मानसं?" शालूबाईंनी विचारलं.

साधनानं इकडंतिकडं बघितलं. "कोणाला सांगायचं नाही, आत्याबाई."

"म्या कोनाला सांगते? तुज्या सासऱ्याला? त्याला ऐकू तरी येतं का?"

"माणसं लिबलिब्याच्या पोटात आहेत. जिवंत. वेशीबाहेरच्या त्या विहिरीत तेव्हा तोच तर दडला होता, नंतर गुहेत गेला. गिळली त्यानं सगळी, पण मेली नाहीत. लिबलिब्याला जाळलं तर मात्र आतली सगळी जातील."

शालूबाईंच्या हातातला दोरा सुटला. "मंग त्या तिघांना सांग की, बाई!"

"तेच तर नाही सांगायचं. ह्या खेळात सांगणाऱ्यानं फोडायचं नसतं. त्यांनी बघितलं, त्यांनी विचारलं, तरच मी सांगणार. मी पहिल्याच दिवशी त्यांना बोलले होते, गोष्टीचा शेवट मी तुमच्या समोर ठेवीन, तोंडानं एक शब्द सांगणार नाही. म्हणून तर लिबलिब्या आरपार पाहिजे. टेबलावर ठेवला, त्यांनी वाकून बघितलं, की आतली माणसं दिसली पाहिजेत."

त्या माणसांचं काम ती रोज दुपारी थोडं थोडं करत होती. एम-सीलची, तांदळाएवढी माणसं. सुईच्या टोकानं नाक-डोळे काढायचे आणि दोन केसांच्या कुंचल्यानं रंग द्यायचा. कोणाच्या डोक्यावर पटका, कोणाच्या काखेत लेकरू. बशीत आडवी पडलेली ती माणसं बघून शालूबाई रोज चौकशी करायच्या. आज कोण झालं? म्हातारीला लुगडं हिरवं काहून, तांबडं दे की. एकदा तर भाजीला फोडणी देता देता म्हणाल्या, की ती लेकुरवाळी बाई आत श्वास कसा घेत असेल गं. हे ऐकून हरीश आईकडे बघतच राहिला.

शनिवारी ओतायचं ठरलं. आणि शनिवारीच जे व्हायला नको ते झालं.

गाठ्यांच्या धंद्यातली पहिली शिस्त म्हणजे साचा कधी कोरडा ठेवायचा नाही. सागवानी साचे रात्रभर पाण्याच्या टाकीत बुडवून ठेवायचे, सकाळी झटकायचे आणि ओल्या अंगानं पाक ओतायचा. कोरडं लाकूड पाक धरून बसतं आणि गाठी फुटते. शालूबाई सासुरवाशीण असताना एकदा त्यांच्याकडून साचा कोरडा राहिला होता, त्याची बोलणी त्यांनी पुढं पाडव्या-पाडव्याला खाल्ली. त्यामुळं शनिवारी सकाळी साधना अंघोळीला गेली आणि शालूबाईंना फळीवर तो निळा साचा ठणठणीत कोरडा दिसला, तेव्हा त्यांच्या काळजात चर्र झालं. पोरीच्या ध्यानातून गेलं, त्या मनात म्हणाल्या. ओतल्यावर चिकटला तर दिवसभर रडत बसेल. त्यांनी साचा उचलला, टाकीत चांगला बुडवला, दोनदा झटकला आणि होता तसा ठेवून दिला. कोणाला बोलल्या नाहीत. सुनेवर उपकार करावेत, पण तिला कळू देऊ नयेत, या मताच्या त्या होत्या.

साधनानं केस पुसत येऊन रेझिन ढवळलं आणि ओतलं. पहिला थर धरल्यावर दुपारी चिमट्यानं एकेक माणूस आत उतरवला, वरून दुसरा थर दिला आणि फडकं झाकलं. त्या संध्याकाळी ती कधी नव्हे ती गुणगुणत होती.

रविवारी सकाळी साचा उलटला आणि गुणगुणणं थांबलं.

लिबलिब्याचं अंग वरपासून खालपर्यंत पांढुरकं आलं होतं. जागोजाग बारीक खड्डे, देवीचे वण असावेत तसे. आतलं हिरवं कुठंतरी खोल जाणवत होतं, पण माणूस म्हणून दिसत नव्हता एकही. साधनानं तो खिडकीशी नेला, फिरवला, ओढणीनं खसाखसा पुसला. काही फरक पडला नाही.

"आसं काहून झालं?" शालूबाईंनी विचारलं.

"कळत नाही. साच्यात पाणी राहिलं तर होतं असं. रेझिनला पाणी चालत नाही, थेंबही नाही. पण साचा तर मी कोरडा करून..."

ती बोलायची थांबली, कारण तिला सासूचं तोंड दिसलं.

"म्या भिजवला," शालूबाई म्हणाल्या. "तू न्हायला गेलतीस. मला वाटलं, तू इसरली."

त्यांना वाटलं, आता ही बोलेल. आदळआपट करेल, निदान रडेल तरी. तसं झालं असतं तर बरं झालं असतं. भांडणात शालूबाई कधी मागं हटल्या नव्हत्या, चार शब्द ऐकून दोन परत केले असते आणि जीव हलका झाला असता. पण साधना फळीशी नुसती उभी राहिली. "तुम्हाला काय माहीत, आत्याबाई," एवढंच म्हणाली, आणि ते ऐकून शालूबाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"धुवून बघू का?"

"नको. पाण्यानंच झालंय हे. आता पाणी लावलं तर आणखी चढेल. घासायला, चमकवायला दिवस लागतो, आणि ते येतच असतील."

"मंग सांगून टाक त्यांना. तोंडानं सांग. आत मानसं हायती म्हनावं, दिसून न्हाई राहिली, पर हायती."

साधनानं मान हलवली. "दोन वर्षं शोधतायत ती ह्या माणसांना. त्यांनी बघून ओळखलं तर ती त्यांना सापडली. मी सांगितलं तर मी दिली. आणि त्यांनी नाही ओळखलं तर..." पुढचं ती बोलली नाही. ज्यांच्यासाठी दोन वर्षं डोंगर चढले, त्यांनाच हे लोक आपल्या हातानं जाळणार आणि नंतर त्यांना कळणार, एवढं शालूबाईंनाही समजत होतं.

बाहेर जीप थांबल्याचा आवाज झाला.

तिघंही गुणी निघाली. पायातलं बाहेर काढून आली, काकू काकू म्हणत भट्टी बघितली, गाठी चाखली. दिपकनं तर धाब्यावरून चिवडा आणला होता. एरवी शालूबाईंनी त्यांना चहावर चहा पाजला असता, पण आज त्यांचं कशात लक्ष नव्हतं. माजघरात चटईवर पुठ्ठा मांडला गेला. त्यावर साधनानं रंगवलेली गुहा, गुहेच्या तोंडाशी तीन वाटसरूंच्या मूर्ती. शालूबाई दाराशी बसल्या. कहाणी रिकाम्या हातानं ऐकायची नसते, म्हणून डब्यातले चार तांदूळ त्यांनी सवयीनं मुठीत घेतले होते.

साधना सांगायला लागली आणि शालूबाईंना ही आपली सूनच आहे का असा प्रश्न पडला. बेताचं बोलणारी पोरगी ती. पण आता आवाज खाली गेला होता आणि शब्द एकेक करून येत होते. गुहेत पाणी ठिबकत होतं, मशाल फडफडत होती, पायाखाली काहीतरी निसरडं लागत होतं. तिघं एकमेकांना चिकटून बसली. मग तिनं फडक्याखालचा लिबलिब्या काढून पुठ्ठ्यावर ठेवला.

"बाप रे," ऐश्वर्या म्हणाली.

खरं तर तसा पांढुरका, वणांचा, तो जास्तच भयंकर दिसत होता. दूध नासावं तसा रंग. कोणी वाकून बघितलं नाही. उलट तिघंही मागं सरकली. शालूबाईंनी कपाळ धरलं.

"त्याच्या जवळ गेलं की आत काहीतरी हलल्यासारखं वाटतं," साधना म्हणाली. सांगता येईल तेवढं तिनं सांगून बघितलं.

"आतडी असतील त्याची," रत्नपाल म्हणाला. "थांबायला नको. अजून वाढतोय तो."

"ह्यानंच गाव खाल्लं असणार," ऐश्वर्या दातओठ खाऊन म्हणाली. "दोन वर्षं मी ह्याच्यासाठी फिरतेय. आज सोडत नाही."

"माझ्याकडं तेलाचा बुधला हाय," दिपक म्हणाला. "मी त्याच्या अंगावर सगळं तेल ओततो. ऐश्वर्या, तू मशाल टाक."

"नक्की?" साधनानं विचारलं.

"नक्की."

"विचार करून सांगताय ना?"

"साधना, तू आजच एवढी काहून विचारून राहिली?" दिपक हसला. "ओतलं तेल. झालं."

ऐश्वर्यानं फासा उचलला. मुठीत घोळवला. या खेळात एकदा टाकलेला फासा माघारी घेता येत नाही, हे शालूबाईंना आठवडाभरात पाठ झालं होतं. त्यांनी साधनाकडे बघितलं. पोरीनं ओठ आवळून धरले होते, डोळे भरले होते आणि शब्द मोडायचा नाही म्हणून ती बोटात बोटं घालून बसली होती. ती लेकुरवाळी बाई आता जळणार होती. तांबड्या लुगड्याची म्हातारी जळणार होती. आणि हे सगळं कशानं, तर आपण साचा टाकीत बुडवला म्हणून.

"थांबा!"

सगळे दचकले. शालूबाई उठून उभ्या राहिल्या होत्या. पुढं काय बोलायचं ते त्यांनाही माहीत नव्हतं. एवढंच माहीत होतं, की फासा पडायच्या आत जेवढा वेळ काढता येईल तेवढा काढायचा.

"तेल ओतलं म्हनला ना तू?" त्यांनी दिपकला धारेवर धरलं. "कुठं हाय तेल? मला तर न्हाई दिसून राहिलं."

"काकू, खेळात तसंच असतं. तोंडानं बोलायचं, की झालं."

"तुमच्या धाब्यावर होत आसंल. आमच्या घरात नुसत्या तोंडानं तेल ओतून काही जळत न्हाई. ओतायचं तर बराबर ओता."

आणि कोणी काही म्हणायच्या आत त्या स्वयंपाकघरात गेल्या. तांदळाची मूठ तशीच आवळून करडीच्या तेलाची बरणी काढली, उगाच पुसली, ताटली शोधायला वेळ लावला. पण तेलाची बरणी पुसून पुसून किती वेळ पुसणार? अखेर परत यावंच लागलं. माणिकराव ओट्यावरून ओरडले, की अगं राक्षसाला तेलाची अंघोळ घालते का काय, तर त्यांच्याकडेही लक्ष दिलं नाही. लिबलिब्याला उचलून त्यांनी ताटलीत ठेवलं. आता यापुढं आपल्याकडे काही उपाय नाही, हे त्यांना पक्कं कळत होतं. त्यांनी बरणी वाकडी केली.

तेलाची पिवळी धार डोक्यावर पडली आणि सावकाश खाली उतरायला लागली.

जिथं तेल पोचलं तिथलं पांढरं गेलं.

आधी टाळूवर रुपयाएवढी जागा उघडली. मग तेल जसं ओघळलं तशी ती जागा खाली खाली वाढत गेली. खराब झालं होतं ते नुसतं वरचं कातडं; तेलानं खड्डे भरले, वण बुजले, धुकं उतरावं तसा तो पांढुरका रंग अंगावरून निघून चालला, आणि मागं उरलं ते नितळ, हिरवं, तळ दिसेल असं पाणी. शालूबाईंच्या हातातली बरणी तशीच वाकडी राहिली. दारातून येणारं दुपारचं ऊन सरळ लिबलिब्याच्या पोटात शिरलं होतं आणि पोटात माणसं उभी होती.

बशीत ती तांदळाएवढी होती. शालूबाईंनी रोज बघितली होती. पण लिबलिब्याच्या फुगीर अंगातून ती मोठी होऊन दिसत होती, बोटाच्या पेराएवढी, आणि कोणी ताटली जराशी सरकवली तर ती हलत होती. पटकेवाला पुढं आला आणि म्हातारी त्याच्या मागं गेली. लेकुरवाळीनं जणू लेकरू छातीशी धरलं. साधनाला स्वतःलाही हे माहीत नसावं. तिचा हात तोंडावर गेला होता.

रत्नपाल गुडघ्यांवर आला आणि वाकता वाकता त्याचं कपाळ ताटलीला टेकायचं तेवढं राहिलं. दिपकचं तोंड उघडं होतं. शालूबाईंना हसावं की रडावं ते कळेना. साखर उकळण्यात जन्म गेला, देवळं बघितली, औंढ्याच्या नागनाथापुढं किती वेळा हात जोडले, पण आपल्या हातातल्या तेलानं एखादं गाव असं डोळ्यासमोर उघडावं, असं त्यांनी कधी बघितलं नव्हतं. बरणी धरलेले त्यांचे हात आपोआप जुळायला गेले आणि मुठीतले तांदूळ चटईवर सांडले.

"सातविहिरी," रत्नपाल अगदी हळू म्हणाला. "अरे, ही सातविहिरीची माणसं आहेत."

ऐश्वर्याच्या हातात फासा अजून होता. तिनं तो मुठीत घट्ट आवळला, मग बोटं एकेक करून उघडली आणि न टाकता पुठ्ठ्याबाहेर ठेवून दिला. "मशाल विझवली मी," ती म्हणाली. तिचा आवाज ओला होता. "ऐकलंस ना साधना? विझवली. पाण्यात बुचकळली."

"ऐकलं," साधना म्हणाली.

दिपक अजून त्या माणसांकडेच बघत होता. एका बाजूनं बघितलं, मग दुसऱ्या बाजूनं. त्याला काहीतरी खटकलं होतं. "ही सगळी तोंडं बाहेर करून उभी हायत," तो म्हणाला. "एकबी आत बघून न्हाई राहिलं. साधना, ह्यांना आपण दिसतो का?"

आता विचारलं होतं. आता तिला सांगायची मोकळीक होती.

"हो," साधना म्हणाली. "पहिल्या दिवसापासून. तुम्ही विहिरीवर पाणी प्यायला वाकलात ना, तेव्हा ती खालून तुम्हाला हाका मारत होती."

ऐश्वर्यानं ओढणीनं डोळे पुसले. पहिल्या दिवशी त्या विहिरीवर सगळ्यात आधी तीच वाकली होती, हे शालूबाईंना गोष्टीतून माहीत होतं. त्यांनी बरणी बाजूला ठेवली, तेलाचे हात पदराला पुसले आणि दारातली आपली जागा सोडून त्या पुठ्ठ्यापाशी, ऐश्वर्या आणि साधनाच्या मधोमध येऊन बसल्या. पाय दुमडले. साधनानं सरकून जागा केली.

"बसून काहून राहिले सगळे?" त्या म्हणाल्या. "बाहीर कसं काढायचं ते बोला. ती लेकरं कवाची वाट बघून राहिली."